मंगळसूत्र आणि वकालतनामा

(वाचकांचे प्रश्न, वकीलताईंची उत्तरं)

गेल्या अंकात एका वाचकाच्या प्रश्नाला उत्तर देताना मी माजी परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांचा ओझरता उल्लेख केला होता. त्या मुळात वकील होत्या, हे अनेकांना ठाऊकच नव्हतं असं दिसतं. त्यावर आलेल्या पत्रांचा गठ्ठा समोर आहे. त्यांतली चार पत्रं निवडली आहेत आणि हा सगळा अंक त्यांनाच देते आहे.

वकीलताई, मी कराडची. विधी शाखेच्या शेवटच्या वर्षाला आहे. घरात दत्ताची उपासना, मी गुरुवार करते, ठसठशीत कुंकू लावते. मैत्रिणी म्हणतात, कोर्टात हे असं चालत नाही, बाई अगदीच काकूबाई दिसतेस. मला पुढे राजकारणात जायचंय आणि डोळ्यापुढे सुषमा स्वराज आहेत. त्यांनी हे दोन्ही कसं सांभाळलं? की त्यांचं धार्मिक असणं नुसतं मतांपुरतं होतं?

बाळ, १९८४ साली मी सनद घेतली तेव्हा माझ्या सीनिअरांनी मला हेच सुचवलं होतं. टिकली लहान लाव, म्हणाले, पक्षकाराला वाटायला हवं की बाईचं लक्ष कामात आहे. मी लहान लावायला लागले. कपाळाचा आकार आणि कामातलं लक्ष यांचा काय संबंध, हा प्रश्न त्यांना विचारायचं धाडस तेव्हा नव्हतं. टीव्हीवर सुषमाजी मोठ्ठं कुंकू, भांगात सिंदूर, साडी आणि वर जाकीट अशा दिसायच्या आणि समोरच्याचा मुद्दा खोडून काढायच्या, तेव्हा तो प्रश्न मनात परत यायचा.

त्यांची वाटचाल आधी थोडक्यात सांगते. जन्म १४ फेब्रुवारी १९५२, अंबाला छावणी. वडील संघाचे. कॉलेज अंबाल्यात, कायद्याचं शिक्षण चंडीगडच्या पंजाब विद्यापीठात. १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात वकिली सुरू केली. जुलै १९७५ मध्ये, म्हणजे आणीबाणी लागून तीन आठवडेही झाले नव्हते तेव्हा, स्वराज कौशल या वकिलाशी लग्न केलं आणि नवऱ्याचं पहिलं नाव आडनाव म्हणून घेतलं. दोघंही कामगारनेते जॉर्ज फर्नांडिस यांच्या बचावाच्या फळीत होते, बडोदा डायनामाइट खटल्यात, म्हणजे आणीबाणीविरुद्ध स्फोटांचा कट केल्याच्या आरोपाच्या खटल्यात. तेव्हा त्या तेवीस-चोवीस वर्षांच्या. आणीबाणीत सरकारविरुद्ध वकालतनामा दाखल करणं म्हणजे काय, हे आज तुला सांगून कळणार नाही. अशील बेड्यांत आणि सही करणाऱ्या वकिलाला आपली सुद्धा पाळी येईल याची खात्री. १९७७ च्या निवडणुकीत जॉर्ज तुरुंगातूनच मुझफ्फरपूरला उभे राहिले. त्यांचा बेड्या घातलेला फोटो घेऊन सुषमाजी तिथे प्रचार करत फिरल्या. जॉर्ज तीन लाखांवर मतांनी निवडून आले.

त्याच वर्षी त्या स्वतः हरियाणा विधानसभेत गेल्या आणि पंचविसाव्या वर्षी देवीलाल यांच्या मंत्रिमंडळात मंत्री झाल्या. हे सगळे सांगतात. पुढचं फारसं कोणी सांगत नाही, म्हणून तुला सांगते. १९८०, १९८४ आणि १९८९ अशा तीन लोकसभा निवडणुका त्या कर्नालमधून लढल्या आणि तिन्ही हरल्या. लोकसभेत पाऊल पडलं ते १९९६ मध्ये, दक्षिण दिल्लीतून. पहिल्या पराभवापासून मोजलीस तर सोळा वर्षं झाली.

आता तुझा खरा प्रश्न. धार्मिकपणा मतांपुरता होता का? दुसऱ्याच्या देव्हाऱ्यात डोकावायचा अधिकार मला नाही. वकील म्हणून मी पुरावा बघते. १९९९ मध्ये बळ्ळारीत सोनिया गांधींविरुद्ध त्या उभ्या राहिल्या. महिन्याभरात कन्नड शिकून सभांमधून बोलल्या आणि ५६,१०० मतांनी हरल्या. हरलेल्या मतदारसंघात उमेदवार पुन्हा फिरकत नाही, हा आपला सगळ्यांचा अनुभव. सुषमाजी मात्र नंतर दहा-बारा वर्षं दर श्रावणात वरमहालक्ष्मीच्या पूजेला बळ्ळारीला जात राहिल्या. यातही राजकारण होतं असं म्हणणारे म्हणतील. असेलही. पण मुलीचं नाव बासरीवरून ‘बांसुरी’ ठेवणारी, नोव्हेंबर २०१६ मध्ये डायलिसिसवर असताना लोकांना आपला आजार सांगून ‘भगवान कृष्ण कृपा करेल’ असं लिहिणारी बाई त्या वेळी कुठलीच निवडणूक लढवत नव्हती.

पण मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते एका दिवसाबद्दल. २८ डिसेंबर २०१७.

त्या दिवशी आमच्या बाररूममध्ये टीव्ही लागलेला होता. तीन दिवसांपूर्वी, हेरगिरीच्या आरोपावरून पाकिस्तानच्या कैदेत असलेल्या कुलभूषण जाधवांची आई आणि पत्नी त्यांना भेटायला इस्लामाबादला जाऊन आल्या होत्या. मध्ये काचेची भिंत, बोलणं इंटरकॉमवरून. परराष्ट्रमंत्री म्हणून सुषमाजींनी त्याबद्दल संसदेत निवेदन केलं. त्यांनी काय सांगितलं बघ. भेटीआधी दोघींचे कपडे बदलायला लावले. आई कायम साडी नेसणारी, तिला सलवार-कुर्ता दिला. दोघींची टिकली, बांगड्या, मंगळसूत्र उतरवलं. आईने विनवलं की हे सौभाग्याचं लेणं आहे, मी कधी काढलेलं नाही. ऐकलं नाही. आई मराठीत बोलायला लागली की तिला अडवत होते. आणि मुलाने आईला बघितल्याबरोबर पहिला प्रश्न केला, ‘बाबा कसे आहेत?’ कारण आईच्या गळ्यात मंगळसूत्र नव्हतं, कपाळ मोकळं होतं.

बाररूममध्ये चहा देणारा मुलगासुद्धा जागच्या जागी थांबला होता. माझी सगळी वकिली दिवाणी आणि कौटुंबिक. पोटगीच्या आणि घटस्फोटाच्या कामांत स्त्रीधनाची यादी करताना मी शेकडो वेळा ‘मंगळसूत्र, सोन्याचं, अमुक ग्रॅम’ असं लिहिलंय. तीसेक वर्षं मी त्या वस्तूचं वजन लिहीत आले. त्या दिवशी मला कळलं की एका गळ्यात ती नसणं ही साक्ष असू शकते. पावणेदोन वर्षं कैदेत असलेल्या माणसाने काचेपलीकडून एका नजरेत आपल्या वडिलांच्या मृत्यूची बातमी वाचली, आणि ती खोटी होती. या क्रूरपणाला कुठल्या कलमात बसवशील?

सुषमाजींनी तो बसवायचा प्रयत्नही केला नाही, आणि इथे त्यांच्यातली वकील दिसते. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारताने मे २०१७ मध्येच दाद मागितली होती. तिथला मुद्दा अगदी कोरडा होता: १९६३ च्या व्हिएन्ना कराराचं कलम ३६, आपल्या दूतावासाला कैद्याला भेटू दिलं की नाही. तिथे मंगळसूत्राचं काम नव्हतं. संसद हे वेगळं व्यासपीठ, ऐकणारे वेगळे, तिथे आईचा गळा हाच पुरावा. कुठला मुद्दा कुठल्या दारात मांडायचा, हे ज्युनिअरला शिकवायला आम्हाला पाच वर्षं लागतात. आणि तो मुद्दा त्यांना दिसला कसा? त्या स्वतः ते लेणं मनापासून घालत होत्या म्हणून. ज्या बाईला मंगळसूत्र म्हणजे नुसता दागिना वाटतो तिच्या टिपणात ‘कपडे व दागिने बदलायला लावले’ एवढंच आलं असतं. जुलै २०१९ मध्ये हेगचा निकाल पंधरा विरुद्ध एक अशा मतांनी भारताच्या बाजूने लागला.

तेव्हा कुंकू लाव. गुरुवार कर. कोर्टात मात्र फाईल पाठ असू दे, कारण न्यायाधीश तुझ्या कपाळाकडे बघत असतील तर त्यांना फाईलकडे वळवायचं काम तुझं आहे.

ताईसाहेब, स. न. मी निवृत्त न्यायालयीन कर्मचारी, वय ७१, नाशिक. राजकारण्यांच्या नावामागे ‘ॲडव्होकेट’ लागलेलं असतं, पण त्यांनी कोर्टाची पायरी चार वेळाही चढलेली नसते. बाई नावाच्याच वकील होत्या ना?

दादा, आपला राग समजू शकते. आयुष्यभर आपण तारखा लिहिल्या, कोण येतं आणि कोण नुसती सही ठोकतं हे आपल्याला आमच्यापेक्षा चांगलं माहीत. त्यांची नियमित वकिली थोडी, हे खरं. पंचविसाव्या वर्षी मंत्री झालेल्या माणसाला दिवाणी दाव्यात वीस वर्षं झिजायला कुठून मिळणार?

पण वकिली अंगात मुरली होती, ती सभागृहात दिसायची. जून १९९६ मध्ये देवेगौडांच्या विश्वासदर्शक ठरावावर त्या बोलल्या. वाजपेयींचं तेरा दिवसांचं सरकार नुकतंच पडलेलं. त्यांनी दाखला दिला रामाचा, राज्याभिषेक होता होता वनवास मिळाला. मग धर्मराजाचा, शकुनीच्या फाशांनी राज्य गेलं. तिथे एक मंथरा आणि एक शकुनी पुरले, आमच्यासमोर तर कितीतरी बसले आहेत, असा त्याचा रोख. आपण ते भाषण कधी ऐकलंत तर रचना बघा. आधी पूर्वीचा निवाडा सांगायचा, मग आजची वस्तुस्थिती त्याच्या शेजारी ठेवायची, मग मागणी. आपण रोज बघितलेला युक्तिवाद, फक्त निवाड्यांच्या पुस्तकाऐवजी रामायण-महाभारत. विरोधी बाकांवरच्यांनाही त्या कथा पाठ, त्यामुळे ‘हा दाखला लागू नाही’ म्हणायची सोय नाही. मला ती मांडणी राजकीयदृष्ट्या पटते की नाही हा वेगळा प्रश्न, पण ज्युनिअरांना मी ते भाषण ऐकायला सांगते.

आणि नियमांच्या कागदात शिरायची सवय. परराष्ट्र खातं म्हटलं की लोकांना परदेशदौरे आठवतात. डिसेंबर २०१६ मध्ये त्यांच्या खात्याने पासपोर्टचे नियम बदलले ते बघा. अर्जात आई किंवा वडील, एकाचंच नाव दिलं तरी चालेल. साधू-संन्याशाला आईवडिलांच्या जागी गुरूचं नाव देता येईल. जोडायच्या प्रतिज्ञापत्रांची संख्या कमी केली. नवऱ्याने टाकलेल्या किती बायका माझ्याकडे यायच्या, मुलाचा पासपोर्ट अडलाय म्हणून. ज्या माणसाचा पत्ता नाही त्याची सही कुठून आणू, हा त्यांचा प्रश्न. त्या बदलाने त्यांचा एक हेलपाटा वाचला. संन्यासी आणि एकटी आई एकाच दुरुस्तीत आले, हे मला फार आवडतं.

हेगला भारताची बाजू मांडणाऱ्या हरीश साळवेंनी जाधव प्रकरणात एक रुपया फी ठरवली, हे आपण वाचलं असेलच. तो रुपया द्यायचा राहिला होता. ६ ऑगस्ट २०१९ च्या रात्री सुषमाजींनी त्यांना फोन केला, उद्या सहा वाजता येऊन फी घेऊन जा. त्याच रात्री त्या गेल्या. पुढच्या महिन्यात बांसुरीने, तीही वकीलच, तो रुपया साळवेंच्या हातात ठेवला. वकिलाची फी बुडवू नये, हे आपल्या पिढीला सांगावं लागत नाही, दादा.

वकीलताई, मी अमरावतीची शिक्षिका. तुम्ही त्यांचं कौतुक केलंत, पण २००४ साली सोनिया गांधी पंतप्रधान झाल्या तर मुंडण करीन, पांढरी साडी नेसेन, जमिनीवर झोपेन, चणे खाईन असं म्हणणाऱ्या याच ना? भगवद्गीतेला राष्ट्रीय ग्रंथ करा म्हणणाऱ्याही याच. वकील बाईला हे शोभतं का?

नाही शोभत. तुमचं पत्र वाचून मी दोन दिवस थांबले, कारण घाईत बचाव केला असता तर तो खोटा झाला असता.

२००४ चं ते बोलणं मला तेव्हाही लागलं होतं. माझ्या पणजीचं केशवपन झालेलं. आजी सांगायची, न्हावी मागच्या दाराने यायचा आणि त्या दिवशी घरात चूल उशिरा पेटायची. आपल्याच मुंबईत १८९० च्या सुमारास सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंड्यांनी नाभिकांना एकत्र केलं आणि विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवणार नाही असा संप घडवला. आपल्या घरातली लेक शिकली ती असल्या माणसांच्या पुण्याईवर. विधवेवर लादलेली ती सगळी शिक्षा, मुंडण, पांढरं लुगडं, जमिनीवर अंथरूण, एका शिकलेल्या बाईने राजकीय प्रतिज्ञा म्हणून मांडावी आणि तीही दुसऱ्या एका विधवेविरुद्ध, हे मला आजही पटत नाही.

आणि तरी तुम्ही वर कराडच्या मुलीला दिलेलं उत्तर पुन्हा वाचा. सौभाग्याच्या खुणा आणि वैधव्याच्या खुणा, भाषा तीच आहे. २००४ मध्ये त्यांनी ती समोरच्या बाईला घायाळ करायला वापरली. २०१७ मध्ये दोन बायकांना त्यांच्या मनाविरुद्ध विधवेच्या रूपात उभं केलं, हा अन्याय जगाला दाखवायला वापरली. माणूस तेरा वर्षांत बदलला की प्रसंग बदलला, मी सांगू शकत नाही. पण श्रद्धेतून येणारी भाषा कुठे दुखवते आणि कुठे दुखलेल्याच्या मदतीला येते, हे एकाच बाईच्या आयुष्यात इतकं स्वच्छ मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. म्हणून मी त्यांच्याकडे पुन्हा पुन्हा वळते.

गीतेचं म्हणाल तर ते विधान डिसेंबर २०१४ मधलं, लाल किल्ल्यावरच्या कार्यक्रमातलं. तिथे त्यांनी असंही सांगितलं की मंत्रिपदाचा भार आपण गीतेच्या आधाराने पेलतो. या दुसऱ्या वाक्याशी माझं काही भांडण नाही, मीही निकालाच्या सकाळी बारावा अध्याय म्हणते. पहिल्याशी आहे. माझी गीता माझ्या पिशवीत असते. न्यायालयात येणाऱ्या प्रत्येकाला मात्र राज्यघटनेखेरीज दुसरा कुठला सरकारी ग्रंथ असता कामा नये, असं मी मानते. सरोगसीच्या विधेयकाला मंत्रिमंडळाने मंजुरी दिल्याचं २०१६ मध्ये पत्रकारांना सांगताना समलिंगी जोडपी आपल्या संस्कृतीत बसत नाहीत असं त्या म्हणाल्या, तिथेही मी त्यांच्याबरोबर नाही. माझ्या अशिलांमध्ये अशी माणसं होती. ती याच संस्कृतीत, याच गावात वाढलेली होती.

ताई, मी मालेगावची, एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला. नमाजी आहे, हिजाब घालते. तुमचं सदर अम्मीला वाचून दाखवते. धार्मिक बाईने वकील होऊन दिल्लीपर्यंत जायचं, हे जमायला बाई हिंदूच असावी लागते का?

बेटी, तुझा प्रश्न सगळ्यात अवघड, आणि तुला गोड बोलून फसवणार नाही. सुषमाजींचं कुंकू बघून या देशातल्या बहुसंख्य लोकांना आपल्या घरातली बाई दिसायची. ती सवलत होती. तुझ्या डोक्यावरचं कापड बघून काही लोक आधी कापडाबद्दल विचारतील आणि मग मुद्द्याबद्दल. तुला तयारी दुप्पट करावी लागेल. हे अन्यायाचं आहे आणि खरं आहे.

सुषमाजींच्याच दोन गोष्टी मात्र तुला सांगायच्यात. किडनी निकामी झाल्याचं त्यांनी जाहीर केलं तेव्हा मूत्रपिंड द्यायला तयार असलेल्यांत मुसलमान तरुणही होते. त्यांनी आभार मानून लिहिलं की किडनीवर धर्माचं लेबल नसतं. आणि १ मार्च २०१९ ला अबुधाबीत इस्लामी देशांच्या संघटनेपुढे सन्माननीय पाहुण्या म्हणून उभ्या राहिल्या. १९६९ मध्ये रबातला याच मंचावरून भारताला बाहेर राहावं लागलं होतं, त्याला पन्नास वर्षं होत होती. या वेळी पाकिस्तानचे परराष्ट्रमंत्री आले नाहीत. साडी आणि कुंकवातल्या या बाईने तिथे सांगितलं की अल्लाहच्या ९९ नावांपैकी एकाचाही अर्थ हिंसा असा होत नाही, आणि त्याच भाषणात ऋग्वेदातलं ‘एकं सत् विप्रा बहुधा वदन्ति’ म्हटलं. स्वतःचा ग्रंथ मनापासून वाचणाऱ्यालाच दुसऱ्याचा ग्रंथ असा अदबीने हातात धरता येतो, असं मला वाटतं. तू तुझं वाचतेस, तेव्हा तुलाही ते येईल.

आणि तुझ्या थेट प्रश्नाचं उत्तर नाव घेऊन देते: व्हायोलेट अल्वा. जन्म १९०८, अहमदाबाद. वडील रेव्हरंड लक्ष्मण हरी, इंग्लंडच्या चर्चच्या पहिल्या भारतीय पाद्र्यांपैकी एक. सोळाव्या वर्षी पोरकी झालेली ही मुलगी मोठ्या भावंडांच्या आधाराने मुंबईत शिकली. सेंट झेवियर्स, मग गव्हर्न्मेंट लॉ कॉलेज. नवरा जोकिम अल्वा, तोही वकील, तोही स्वातंत्र्यलढ्यातला. १९४३ मध्ये तिला अटक झाली तेव्हा कडेवर पाच महिन्यांचा मुलगा होता, त्याला घेऊनच ती आर्थर रोड तुरुंगात गेली. दुसऱ्याच वर्षी, १९४४ मध्ये, उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठापुढे युक्तिवाद करणारी देशातली पहिली स्त्री वकील म्हणून तिचं नाव नोंदलं गेलं. पुढे मुंबईच्या बालन्यायालयाचं अध्यक्षपद, १९५२ मध्ये राज्यसभा, १९५७ मध्ये गृहखात्याच्या उपमंत्री. १९६२ मध्ये राज्यसभेच्या उपसभापती, त्या खुर्चीवर बसलेली पहिली स्त्री. पाद्र्याची मुलगी, ख्रिस्ती स्त्रियांच्या संस्थेत आयुष्यभर काम करणारी. देशातल्या लोकसंख्येत ख्रिस्ती किती, तू हिशेब कर.

उपराष्ट्रपतिपदाला पक्षाने पाठिंबा दिला नाही म्हणून नोव्हेंबर १९६९ मध्ये त्यांनी उपसभापतिपद सोडलं आणि पाच दिवसांत मेंदूतल्या रक्तस्रावाने त्या गेल्या. हेही तुला सांगायला हवं होतं.

राज्यसभेच्या जुन्या कामकाजाची इतिवृत्तं ग्रंथालयात मिळतात. साठच्या दशकातली काढ. गोंधळ चाललेला असताना अध्यक्षस्थानावरून ही बाई किती कमी शब्दांत सभागृह ताळ्यावर आणते ते वाच, आणि अम्मीलाही वाचून दाखव. उलटतपासाच्या सरावाबद्दल तू शेवटी विचारलंयस, त्याचं उत्तर लांबलचक होईल. परीक्षा झाली की पुन्हा लिही, पुढच्या अंकात तेवढंच घेऊ.